को-ऑपवाली कॉम्प्युटर सायन्सची पदवी: वॉटर्लू, सायमन फ्रेझर, नॉर्थईस्टर्न की इथेच?

ऐरोलीची_आई
नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती विभागात असते, त्यामुळे धागा चुकीच्या जागी पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

लेक यंदा बारावी (सीबीएसई). डोक्यात एकच खूळ: कॉम्प्युटर सायन्स, आणि तेही को-ऑपवालं. म्हणजे काही महिने वर्ग, काही महिने पगारी नोकरी, परत वर्ग, असं पदवी हातात पडेपर्यंत. आमच्या वेळी इंडस्ट्रियल व्हिजिट म्हणजे रबाळे एमआयडीसीत जायचं, मशीन लांबून बघायचं आणि वडापाव खाऊन परत. त्यामुळे हे नोकरी-वर्ग-नोकरी प्रकरण नीट समजून घ्यायचंय.

आजची स्थिती अशी. कॅनडात सायमन फ्रेझर (व्हँकुव्हरजवळ बर्नबी) इथे प्रवेश मिळालाय. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्नलाही मिळालाय, त्यांना १ मेपर्यंत कळवायचंय. कॅनडातल्याच वॉटर्लूचं उत्तर यायचंय, मेच्या मध्यापर्यंत येईल म्हणतात. शिवाय बिटसॅट (बिट्स पिलानीची प्रवेश परीक्षा) आणि सीईटी दोन्ही देतेय.

आम्ही दोघंही नोकरदार, राहतं घर स्वतःचं, त्याचं कर्ज फिटत आलंय. ह्यांचं म्हणणं, को-ऑपच्या पगारातून फी निघते, मग घाबरायचं कशाला? ठाण्यातल्या एका कन्सल्टंटनेही छातीठोकपणे हेच सांगितलं. मला मात्र ते गणित पचत नाहीये. जाणकारांनी बोलावं.

कोपरीचा_बंड्या
रबाळ्यात वडापाव कुठे मिळायचा ते आधी सांगा. बाकी वाचतोय.

जमाखर्च
ताई, तुमची शंका रास्त आहे. मी सीए, नौपाड्यात बसतो, दरवर्षी अशा घरांचे कागद हातातून जातात. कागदावर मांडून दाखवतो.

वॉटर्लूत परदेशी विद्यार्थ्याला सीएसची फी दोन टर्मच्या वर्षाला ६०,००० कॅनेडियन डॉलरच्या वर पडते. अभ्यासाच्या टर्म आठ. म्हणजे नुसती फी किमान २,४०,०००. डॉलर ६५ रुपये धरला तर दीड कोटीच्या पुढे. राहणं, खाणं, विमा, विमान वेगळं.

आता पगार. तासाला ३० डॉलर धरू. सुरुवातीला कमी असतो, शेवटी वाढतो. आठवड्याचे साडेसदतीस तास, सोळा आठवडे: १८,००० डॉलर. त्यातून कर, त्या गावातलं भाडं आणि पोट. निम्मे उरले तर मुलगी काटकसरी म्हणायची. पाच-सहा टर्म मिळून ५०,००० च्या आसपास, म्हणजे फीचा जेमतेम पाचवा हिस्सा.

कन्सल्टंट खोटं बोलला असं नाही. तिथल्या नागरिकांच्या मुलांची फी आपल्यापेक्षा कितीतरी कमी, त्यांना हे गणित सुटतं. आपल्याला सुटत नाही, एवढंच त्यानं गाळलं.

आणखी दोन गोष्टी. कॅनडाच्या स्टडी परमिटसाठी फीशिवाय राहणीचे पैसे दाखवावे लागतात. ती रक्कम पूर्वी १०,००० होती, जानेवारी २०२४ पासून २०,६३५ आणि सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ डॉलर झाली. आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे पाठवले तर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) नाही. कलम ८०ई ची व्याजावरची सूट मात्र जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि जास्तीत जास्त आठ वर्षं. साहेब नव्या प्रणालीत गेले असतील तर ती विसरा.

गारठलेला_ठाणेकर
वॉटर्लूहून सीएस केलंय, आता टोरांटोत. मूळचा चरई.

पैशांबद्दल जमाखर्चकाका बोललेच. मी रोजचं सांगतो, कारण माहितीपत्रकात ते येत नाही.

वॉटर्लू १९५७ मध्ये सुरू झालं तेच को-ऑप घेऊन. त्यामुळे तिथे को-ऑप ही वर चिकटवलेली सोय नाही, सगळं वेळापत्रक त्याभोवती विणलेलं आहे. वर्षाच्या तीन टर्म, प्रत्येकी चार महिन्यांच्या. पदवीला चार वर्षं आठ महिने लागतात. सहापर्यंत वर्क टर्म करता येतात, सीएसला पाच तरी यशस्वी व्हाव्या लागतात.

पण चार महिन्यांची नोकरी शोधायची कधी? आधीच्या अभ्यासाच्या टर्ममध्येच! टर्म सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की वॉटर्लूवर्क्स या पोर्टलवर जाहिराती येतात. अर्ज करायचे, मग मिडटर्म आणि मुलाखती एकाच वेळी अंगावर. सकाळी अल्गोरिदम्सचा पेपर, दुपारी मुलाखत, संध्याकाळी असाइनमेंट. मुलाखती संपल्या की कंपन्या मुलांना क्रम देतात, मुलं कंपन्यांना क्रम देतात आणि संगणक जोड्या लावतो. आपल्याकडच्या प्रवेशाच्या कॅप राउंडसारखंच समजा, फक्त दर आठ महिन्यांनी. जोडी नाही लागली तर पुढच्या फेरीत परत अर्ज. माझ्या बॅचमधली चांगली-चांगली मुलं परीक्षा संपत आल्या तरी शोधत होती.

दुसरं म्हणजे बिऱ्हाड. चार महिने वॉटर्लू, चार महिने टोरांटो, परत वॉटर्लू, मग ऑटावा. घरमालक वर्षाचा करार मागतो, तुम्हाला हवे असतात चार महिने. मग पोटभाडेकरू शोधा, गादी कोणाच्या तळघरात ठेवा. मित्रही दोन गटांत विभागले जातात. अर्धे नेहमी दुसऱ्या शहरात. काहींना हे आवडतं. मला आवडलं. माझ्या रूममेटला अजिबात झेपलं नाही.

तिसरं, कॅनडाच्या केंद्र सरकारच्या विद्यार्थी नोकऱ्यांत नागरिक आणि पीआरवाल्यांना (कायम राहण्याचा परवाना असलेल्यांना) प्राधान्य असतं. पहिल्या वर्क टर्मला, जेव्हा बायोडेटावर काहीच नसतं, तेव्हा हे जाणवतं.

आणि तरीही विचाराल तर पदवी हातात येताना जवळजवळ दोन वर्षांचा अनुभव असतो. त्याला तोड नाही. प्रश्न तेवढ्यासाठी दीड-दोन कोटी मोजायचे का, हा आहे.

तिनं यूक्लिड (वॉटर्लूची गणिताची स्पर्धा परीक्षा) दिलीय का?

ऐरोलीची_आई
हो, एप्रिलमध्ये दिली. शाळेनं केंद्र म्हणून नोंदणी केली होती. दहा प्रश्न, अडीच तास. बाहेर आली तेव्हा चेहरा बघून मी काही विचारलंच नाही.

बीकन_स्ट्रीट
नॉर्थईस्टर्नबद्दल. इथे को-ऑप १९०९ पासून आहे. (अवांतर: या कल्पनेचा उगम सिनसिनाटी विद्यापीठातला, १९०६, हर्मन श्नायडर नावाचे प्राध्यापक.) इथला को-ऑप साधारण सहा महिन्यांचा. चार वर्षांत दोन किंवा पाच वर्षांत तीन. को-ऑपच्या काळात ट्यूशन फी नाही. चारऐवजी सहा महिने मिळाले की कंपनी खरं काम देते. चार महिन्यांत पहिला महिना लॅपटॉप आणि परवानग्या मिळवण्यात जातो.

पण भारतीय मुलांसाठी एक फार महत्त्वाची मेख आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर को-ऑप करायला सीपीटी (शिकत असताना काम करायची परवानगी) लागतो. एकाच पातळीच्या शिक्षणात पूर्ण वेळ सीपीटी बारा महिने किंवा जास्त झाला की पदवीनंतरचा ओपीटी (शिक्षण संपल्यावर तिथे काम करायची परवानगी) गेला. सहा-सहा महिन्यांचे दोन को-ऑप म्हणजे बरोब्बर कड्यावर. म्हणून आमची मुलं तारखा मोजून वर्षाच्या आत राहतात आणि तिसऱ्या को-ऑपचा विचार सोडून देतात किंवा तो अर्धवेळ करतात. माहितीपत्रकातलं 'तीन को-ऑप' हे अमेरिकन मुलांसाठी आहे असं धरून चाला. शिवाय पहिलं शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्याशिवाय सीपीटी मिळत नाही.

पुढे ओपीटी एक वर्ष, स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित) पदवीमुळे आणखी दोन. मग एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी: ६५,००० सर्वसाधारण आणि २०,००० अमेरिकेत मास्टर्स किंवा वरची पदवी घेतलेल्यांसाठी. नुसत्या बीएसवाल्याला ते वीस हजार नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची अट आली. तिथेच शिकून व्हिसाचं स्टेटस बदलणाऱ्यांना ती लागू नाही असं नंतर स्पष्ट केलं. पण असे धक्के पचवायची तयारी हवी.

आणि फी. नॉर्थईस्टर्न वॉटर्लूपेक्षा स्वस्त नाही, आणि हिशेब अमेरिकन डॉलरमध्ये.

पारसिक_बोगदा
म्हणजे वरच्या सगळ्यांचं सार एवढंच की घर विका. इतकं करून मुलगी शेवटी कोड लिहिणार, आणि तेही आता यंत्र लिहितंय. माझा पुतण्या इथल्या कॉलेजातून शिकून माइंडस्पेस आयटी पार्कात बसलाय, घरून डबा नेतो.

ट्रान्सहार्बर
पारसिकराव, मी त्याच माइंडस्पेसमध्ये मुलाखती घेतो, म्हणून बोलतो.

कोड यंत्र लिहितं हे खरं, पण म्हणूनच नवशिक्यासाठी दार अरुंद झालंय. नवीन पोराला साधी कामं देऊन शिकवायची पद्धत होती, ती साधी कामंच आता कमी झाली. अशा वेळी 'चालू सिस्टीममध्ये हात घातलेला आहे' हे दाखवू शकणारा उमेदवार पुढे जातो. मोठ्या कोडबेसमध्ये दुसऱ्याचा घोळ शोधणं, रिव्ह्यूमध्ये चार शब्द ऐकून घेणं, रात्री सर्व्हर पडला तर कोणाला उठवायचं हे कळणं. हे वर्गात येत नाही. त्यामुळे को-ऑपची कल्पना मला शंभर टक्के मान्य आहे.

पण ते मिळवायला बर्फातच जावं लागतं असं नाही. आमच्याकडे सहा महिन्यांचे इंटर्न येतात. त्यांतले निम्मे कॉलेजच्या शिक्क्यासाठी येतात, उरलेले खरंच काम करतात. दुसऱ्या प्रकारची पोरं कुठल्या कॉलेजची हे मी विचारतही नाही.

निवृत्त_मास्तरीण
चिरंजीव पारसिक, यंत्राचं सोड, पुतण्याला शुभेच्छा सांग.

ऐरोलीच्या ताई, मी नवी मुंबईतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात बरीच वर्षं शिकवलं. इथला पर्याय नीट मांडते, कारण तो 'काहीच नाही झालं तर' या रांगेत ठेवायचा नाही.

को-ऑपच्या सगळ्यात जवळ जाणारी आपल्याकडची जुनी पद्धत म्हणजे बिट्सची प्रॅक्टिस स्कूल. दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात पीएस-१, साधारण दोन महिने. शेवटच्या वर्षात पीएस-२, एक पूर्ण सेमिस्टर, साडेपाच महिने. कंपनी बिट्स ठरवते, गुण मिळतात, पीएस-२ ला बहुतेक ठिकाणी विद्यावेतनही असतं. पिलानी, गोवा, हैदराबाद तिन्हीकडे तीच पद्धत. वसतिगृह धरून चार वर्षांचा खर्च तीस लाखांच्या आसपास. वरच्या दीड कोटीशेजारी ठेवून बघा.

सीईटीतून व्हीजेटीआय, एसपीआयटी मिळालं तर फारच छान. त्याखाली वाशीचं अग्नेल, नेरूळचं एसआयईएस आणि रामराव आदिक, घोडबंदरचं ए. पी. शहा. नव्या शैक्षणिक धोरणानंतर शेवटच्या वर्षात मोठी इंटर्नशिप अभ्यासक्रमातच आली आहे. पण स्पष्ट बोलते: कॉलेजनं इंटर्नशिप शोधून देणं आणि विद्यार्थ्यानं पत्र आणून दाखवणं यात फार अंतर आहे. प्रवेश घेण्यापूर्वी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये गाठून विचारा की नोकरी कोणी शोधली. प्राचार्यांना विचारू नका.

आणि मुलीला एक विचारा: को-ऑप मिळाला नाही अशी एक टर्म आली तर ती काय करेल?

कोपरीचा_बंड्या
नवी मुंबईतच परदेशी विद्यापीठं येणार होती ना, विमानतळाजवळ? मग कशाला जायचं?

ट्रान्सहार्बर
बंड्या, जून २०२५ मध्ये पाच विद्यापीठांना इरादापत्रं दिली: अॅबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीचं एक डिझाइनचं. नाव मोठं असेल, पण पहिल्या तुकडीला पुढे गेलेली मुलं नसतात. को-ऑपमध्ये कंपन्या आधीच्या मुलांच्या कामावर परत येतात. पहिल्या तुकडीत माझं पोरगं मी घालणार नाही.

सरे_सेंट्रल
सायमन फ्रेझरबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लॉगिन केलं. मी कळव्याची, इथे संगणकशास्त्र शिकतेय, शेवटचं वर्ष.

आमच्याकडे को-ऑप ऐच्छिक. वॉटर्लूसारखा पहिल्या दिवसापासून नाही; आधी ठराविक विषय आणि ग्रेड, मग को-ऑप ऑफिसात अर्ज. तीन वर्क टर्म पूर्ण केल्या की पदवीवर को-ऑपचा उल्लेख येतो. तीन सेमिस्टरची पद्धत असल्यामुळे को-ऑप कोणत्याही टर्मला बसवता येतो. मी सलग आठ महिने एकाच कंपनीत केलं. बीकन स्ट्रीट म्हणतात ते खरं, चार महिन्यांत काही होत नाही.

ऐच्छिक असण्याचा फायदा: नाही मिळाला तर वर्ग चालू ठेवायचे, पदवी अडत नाही. तोटा: शोधायचा रेटा स्वतःच लावावा लागतो. कित्येकजण अर्धवट सोडतात.

फी वॉटर्लूच्या निम्म्याच्या आसपास. मुख्य कॅम्पस बर्नबीच्या डोंगरावर, बर्फ पडला की बस अडकते. सरेचा कॅम्पस स्कायट्रेन स्टेशनला लागूनच.

पीआरचं एक सांगते, कारण एजंट हमखास चुकीचं सांगतात. पूर्ण वेळ शिकत असताना केलेला को-ऑप कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास या पीआरच्या मार्गाला लागणाऱ्या एक वर्षाच्या अनुभवात धरत नाहीत. ते वर्ष पदवीनंतरच्या वर्क परमिटवर (पीजीडब्ल्यूपी), जो चार वर्षांच्या पदवीला तीन वर्षांचा मिळतो, त्यावर कमवावं लागतं. म्हणजे 'को-ऑप केला की पीआर' हे वाक्य ऐकलं की खुर्चीवरून उठायचं.

ऐरोलीची_आई
सरे सेंट्रल, ते वाक्य जसंच्या तसं ऐकलंय आम्ही, चहासकट.

मास्तरीणबाई, तुमचा प्रश्न लेकीला विचारला. तिनं स्वतःच आयडी काढलाय, पुढचं तीच लिहील.

सेमीकोलन
नमस्कार. सगळ्या काका-मावश्यांना आणि सरेच्या ताईला थँक्यू.

मी वॉटर्लू का म्हणत होते ते सांगते. शाळेत मला गणित येतं, पण समोर माणूस बसला की बोलता येत नाही. मला वाटलं, अशा ठिकाणी गेले की मुलाखत देणं भागच पडेल आणि शिकेन. ट्रान्सहार्बर काकांनी लिहिलेलं वाचून वाटलं की मला कामाचा तोच भाग हवाय, नाव नकोय.

को-ऑप मिळाला नाही तर काय, याचं उत्तर: एसएफयूत (सायमन फ्रेझर) असेन तर पुढचे विषय घेईन. वॉटर्लूत असेन तर खूप घाबरेन, कारण घरच्यांचे पैसे डोळ्यांसमोर येतील. बाबांना हे मी कालच सांगितलं.

गारठलेला_ठाणेकर
सेमीकोलन, मुलाखतीची भीती तिसऱ्या-चौथ्या मुलाखतीत जाते. सगळ्यांची जाते. तो निकष धरू नकोस.

ऐरोलीची_आई
मंडळी, धागा वर आणतेय.

नॉर्थईस्टर्नला एप्रिलअखेर नकार कळवला. सीपीटीची भानगड आणि फी, दोन्हीमुळे. बीकन स्ट्रीट, तुमच्या त्या एका परिच्छेदानं आमचे बरेच पैसे वाचले.

वॉटर्लूचं उत्तर आलं. सीएस नाही, मॅथेमॅटिक्सला दिलाय. ह्यांचं म्हणणं, एकदा आत शिरू दे, मग बदलून घेता येईल. तसं होतं का?

गारठलेला_ठाणेकर
'मग बदलू' या भरवशावर घेऊ नका. सीएस तिथे गणित विद्याशाखेतच आहे, त्यामुळे दार शेजारचं दिसतं. पण आत जायला जागा मोजक्या आणि रांग मोठी. गणित मनापासून आवडत असेल, कॉम्प्युटेशनल मॅथ वगैरे चालणार असेल, तर उत्तम पर्याय आहे, कंपन्या त्यांनाही घेतात. प्रवेशपत्रावर को-ऑप लिहिलंय की रेग्युलर, तेवढं आधी बघा.

सेमीकोलन
को-ऑप लिहिलंय. पण गणित मला सोडवायला आवडतं, चार वर्षं फक्त सिद्ध करत बसायला नाही. बाबांशी परत बोलले. वॉटर्लू यादीतून काढलं. आता एसएफयू आणि बिट्स, यातलं एक.

जमाखर्च
बिट्सचा निकाल येईपर्यंत एसएफयूची कागदपत्रं थांबवू नका. पूर्वीची एसडीएस ही झटपट व्हिसाची सोय नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली, आता सगळे एकाच रांगेत. शिवाय २०२४ पासून पदवीच्या मुलांना प्रांताचं साक्षांकन पत्रही लागतं, ते विद्यापीठाकडूनच येतं आणि त्याशिवाय परमिटचा अर्ज पुढे सरकत नाही. जागा पक्की करताना भरलेले पैसे परमिट नाकारल्यास आणि आपण स्वतः नाही म्हटल्यास किती परत मिळतात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींची उत्तरं ईमेलवर घ्या. बँकेत कर्जाची तत्त्वतः मंजुरी आत्ताच मागा, वापरायची की नाही ते नंतर ठरवता येतं.

ऐरोलीची_आई
एसएफयूची जागा पक्की केली, ईमेल पाठवला, बँकेत सोमवारी जातेय. बिटसॅटच्या गुणांवरून गोव्याला सीएस मिळायची आशा बरी आहे म्हणते. मिळालं तर गोवा, हे मायलेकींचं ठरलंय; ह्यांचं अजून व्हँकुव्हरच.

सरे सेंट्रल, व्हँकुव्हर झालंच तर पहिल्या वर्षी वसतिगृह की बाहेर खोली?

सरे_सेंट्रल
काकू, पहिल्या वर्षी वसतिगृहच, अर्ज आत्ता टाका. नंतर तळघरातली खोली बघताना हीटर, पाणी, इंटरनेट भाड्यात आहे का ते लेखी घ्यायचं, आणि खोली कोणी प्रत्यक्ष बघून येईपर्यंत कोणालाही डिपॉझिट पाठवायचं नाही. बाकी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.